इंजिन ब्लॉकसाठी धातूची निवड

इंजिन ब्लॉक हा मोटारीच्या इंजिनाचा मुख्य ओतीव भाग. सिलिंडर, क्रँकशाफ्टच्या (पिस्टनच्या हालचालीने फिरणाऱ्या दांड्याच्या) बेअरिंगच्या बैठका, तेलाच्या आणि कूलंटच्या (इंजिन थंड ठेवणाऱ्या द्रवाच्या) वाटा या एकाच ओतकामात असतात. त्यासाठी मुख्यत्वे बीड (ओतीव लोखंड) किंवा अ‍ॅल्युमिनियमचे मिश्रधातू वापरतात. चर्चा बहुधा वजनावरून रंगते, पण निवडीचा खरा कस सिलिंडरच्या भिंतीवर लागतो, कारण पिस्टनच्या रिंगा तिच्यावर मिनिटाला हजारो वेळा घासतात.

बिडात कार्बन ग्राफाइटच्या बारीक पापुद्र्यांच्या रूपात विखुरलेला असतो. हे पापुद्रे कंप शोषतात आणि घासणाऱ्या पृष्ठभागाला वंगण पुरवतात, त्यामुळे बोअर (पिस्टन ज्यात सरकतो ते सिलिंडरचे भोक) थेट ब्लॉकमध्येच पाडता येतो. बीड स्वस्त असते, ओतायला आणि कातायला सोपे जाते. सोलापूरच्या किर्लोस्कर फेरसच्या फौंड्रीत असे ब्लॉक ओतले जातात. दोष एकच, पण मोठा: घनसेमीला सुमारे ७.२ ग्रॅम वजन.

अ‍ॅल्युमिनियमची घनता २.७ ग्रॅम. पण म्हणून ब्लॉकचे वजन त्याच प्रमाणात घटत नाही. ताठरपणा कमी असल्याने भिंती जाड आणि रिब (आधाराच्या उभट कडा) जास्त ठेवाव्या लागतात, आणि बचत साधारण निम्म्यावर येते. उष्णता मात्र अ‍ॅल्युमिनियम बिडाच्या दुपटीहून अधिक वेगाने वाहून नेते. तापल्यावर ते बिडाच्या जवळजवळ दुप्पट प्रसरण पावते आणि रिंगांपुढे मऊ पडते. यावरचा रुळलेला उपाय म्हणजे ओततानाच सिलिंडरच्या आत बिडाचे लायनर (नळीसारखे अस्तर) बसवणे. रोजच्या वापरातल्या पेट्रोल गाडीसाठी हीच सर्वांत समंजस निवड आहे.

लायनर टाळण्याचा धाडसी प्रयत्न जनरल मोटर्सने १९७० मध्ये बाजारात आणलेल्या शेव्हरोले व्हेगात झाला. तिच्या ब्लॉकमध्ये सुमारे १७ टक्के सिलिकॉन होते. बोअर होन केल्यावर (बारीक दगडाने घासून गुळगुळीत केल्यावर) विद्युत-रासायनिक प्रक्रियेने वरचे अ‍ॅल्युमिनियम किंचित खाऊन टाकत. सिलिकॉनचे कठीण कण उघडे पडत, रिंगा त्यांच्यावर सरकत आणि मधल्या खोलगट जागेत तेल टिकून राही. पिस्टनवर लोखंडाचा मुलामा होता. तरीही इंजिन जास्त तापले की बोअर बिघडत, गाड्या तेल जाळू लागत. कित्येक ब्लॉकमध्ये पुढे लोखंडी लायनर घालावे लागले. याच मिश्रधातूचा ब्लॉक पोर्शे ९२८ मध्ये मात्र उत्तम चालला. म्हणून सगळा दोष धातूच्या माथी मारणे अन्यायाचे ठरेल. कूलिंगची व्यवस्थाही तितकीच तोलामोलाची हवी.

मॅग्नेशियम आणखी हलके, पण कूलंटने गंजते. २००४ च्या बीएमडब्ल्यू एन५२ इंजिनात म्हणून सिलिंडर आणि कूलंटच्या वाटा आतल्या अ‍ॅल्युमिनियमच्या गाभ्यात ठेवल्या आणि त्याभोवती मॅग्नेशियम ओतले.

डिझेल इंजिनात ज्वलनाचा दाब फार असतो, तिथे बिडाचे पारडे अजून जड आहे. त्याचाच सुधारित प्रकार म्हणजे कॉम्पॅक्टेड ग्राफाइट आयर्न. यात ग्राफाइट पापुद्र्यांऐवजी आखूड, जाडसर, वळवळत्या अळ्यांसारखे असते. ताणबल साध्या बिडाहून सुमारे ७५ टक्के जास्त असल्याने भिंती पातळ ठेवता येतात. १९९९ मध्ये आउडीने आपल्या ३.३ लिटर व्ही-८ डिझेलसाठी ते वापरले. कातकामाला ते चिवट असते आणि ओतणेही जोखमीचे: ग्राफाइटला हा आकार देण्यासाठी वितळलेल्या रसात घातलेले मॅग्नेशियम जरा कमी पडले तर पापुद्रे परततात, जरा जास्त झाले तर ग्राफाइटच्या गोळ्या बनू लागतात.