मोफत वकिलासाठी पिवळं रेशनकार्ड लागत नाही

‘फुकटचा वकील फक्त गरिबांना’ हा समज वर्षानुवर्षं फिरतोय. नवरा बँकेत, बाई स्वतः शिक्षिका. म्हणून ती चौकशीच करत नाही. विधी सेवा प्राधिकरण कायदा, 1987 चं कलम 12 मात्र स्पष्ट आहे: स्त्रीला उत्पन्नाची अट नाही. उत्पन्नाचा दाखलाही नको. हा वकील देणाऱ्या जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाचं कार्यालय बहुधा जिल्हा न्यायालयाच्या आवारातच असतं. साधा अर्ज पुरतो. हेल्पलाइन 15100.

घरात छळ होत असेल तर ‘आधी पोलिसांत गुन्हा नोंदवायलाच हवा’ हाही तसाच गैरसमज. घरगुती हिंसाचाराच्या 2005 च्या कायद्याखाली संरक्षण अधिकाऱ्यामार्फत (या कायद्यासाठी सरकारने नेमलेला अधिकारी) किंवा थेट दंडाधिकाऱ्यांकडे अर्ज करता येतो. तातडीची मदत हवी असेल तर महिला हेल्पलाइन 181.