ऑनलाइन एमबीए की कॉलेजात जाऊन? आधी कागद काढून बघा

प्रवेशाच्या दिवसांत अर्ज भरायला येणारा जवळजवळ प्रत्येक जण मला विचारतो, "ऑनलाइन एमबीएला किंमत असते का हो?" कागदावर असते. यूजीसीच्या, म्हणजे विद्यापीठ अनुदान आयोगाच्या, २०२० च्या नियमावलीनुसार मान्यता असलेल्या ऑनलाइन अभ्यासक्रमाची पदवी नेहमीच्या पदवीच्या बरोबरीची धरतात, आणि सप्टेंबर २०२२ मध्ये यूजीसीने तशी जाहीर सूचनाही काढली. कॅम्पस मुलाखती, वर्गातल्या ओळखी हे वेगळं, ते घरबसल्या मिळत नाही. पण मी उलट विचारतो: जातवैधता हातात आहे का? आधारवर नाव कसं आहे? माणसं अडकतात ती इथे.

कॉलेजात जाऊन करायचं तर महाराष्ट्रातली मुख्य वाट म्हणजे राज्याच्या सीईटी सेलची प्रवेश परीक्षा आणि त्यानंतरची कॅप, म्हणजे केंद्रीय प्रवेश फेरी. पदवीला ५० टक्के लागतात, राज्यातल्या राखीव प्रवर्गांना आणि दिव्यांगांना ४५. बीबीए, बीएमएसलाही २०२४ पासून सीईटी आहे, हे अजून अनेक पालकांच्या गावी नाही. नोंदणी, फी, फोटो हे काम कुठल्याही सेवा केंद्रात होतं. खरी गोची नॉन-क्रिमीलेअरची.

या दाखल्यावर दोन तारखा असतात आणि लोक चुकीची वाचतात. "साहेब, जानेवारीत काढलाय, नवा कोरा आहे!" असेल नवा, पण त्यावर 'वैध ३१ मार्चपर्यंत' असं लिहिलंय आणि तो मार्च सरलाय. कॅपला प्रवेशाचं वर्ष जिथे संपतं तो ३१ मार्च लागतो. म्हणजे २०२६-२७ च्या प्रवेशाला ३१ मार्च २०२७. परीक्षेचा फॉर्म भरताना चाललेला दाखला कॅपच्या वेळी बाद होतो तो असा. दाखला मिळतो प्रांत कार्यालयातून, आणि नेमक्या त्याच दिवसांत तिथे अख्ख्या तालुक्याची गर्दी असते. हे दरवर्षी होतं, तरी एप्रिलमध्येच नवा काढा असं कार्यालयाच्या दारावर कुणी लिहून लावत नाही. तेव्हा मीच सांगतो, एप्रिलमध्ये काढा.

जात प्रमाणपत्र आणि जातवैधता हे दोन वेगळे कागद आहेत. दुसरा जिल्ह्याच्या पडताळणी समितीकडून येतो आणि आठवड्यात येत नाही. ज्या वर्षी समितीकडे अर्ज केल्याच्या नुसत्या पावतीवर प्रवेशाचा अर्ज घेतात, त्या वर्षीही ठरलेल्या मुदतीत मूळ कागद दिला नाही तर उमेदवार खुल्या प्रवर्गात जातो. छाननीत अर्ज परत आला तर दुरुस्त करून पुन्हा सबमिट करायचा असतो. नुसता कागद अपलोड करून निवांत बसलेली मुलं मी पाहिली आहेत.

फीचा हिशोब इथेच करा. राजर्षी शाहू महाराज शिक्षण शुल्क शिष्यवृत्ती कॅपमधून प्रवेश घेणाऱ्या पात्र मुलांना मिळते. ऑनलाइनची फी कमी दिसते म्हणून तिकडे वळताना ही सवलत वजा करून बघितली का, असं विचारलं की समोरचा गप्प होतो.

आता ऑनलाइनचं. इथे बहुतेक ठिकाणी सीईटी नाही, गावाची अट नाही, म्हणून सोपं वाटतं. मान्यता विद्यापीठाला असून भागत नाही, ती त्या अभ्यासक्रमाला आणि त्या सत्राला असावी लागते. सत्रं दोन, जुलैचं आणि जानेवारीचं. यूजीसीच्या दूरशिक्षण विभागाच्या, म्हणजे डीईबीच्या वेबसाइटवर यादी असते, ती स्वतः उघडा. एजंटने व्हॉट्सॲपवर पाठवलेला स्क्रीनशॉट म्हणजे यादी नव्हे. 'आमचं अधिकृत सेंटर' म्हणणाऱ्यालाही फी देऊ नका, कारण फ्रँचायझी देण्याची परवानगीच नाही. आणि जाहिरातीतली 'शेवटची तारीख' बहुतेक वेळा फीवरच्या सवलतीची असते. प्रवेशाची मुदत यूजीसी ठरवते.

२०२४ च्या जुलै सत्रापासून डीईबी आयडी, म्हणजे ऑनलाइन प्रवेशासाठीचा विद्यार्थ्याचा ओळख क्रमांक, सक्तीचा झाला. तो काढायला आधी एबीसी आयडी, म्हणजे विद्यार्थ्याच्या श्रेयांकांच्या खात्याचा क्रमांक हवा, तो डिजिलॉकरमधून निघतो, आणि डिजिलॉकर आधारवर चालतं. आता बघा काय होतं. एक ताई आल्या होत्या. मार्कशीट माहेरच्या नावाची, त्यात आडनाव आधी. आधार लग्नानंतरचं, त्यात आडनाव शेवटी. एबीसी आयडी आधारवरच्या नावाने निघाला आणि विद्यापीठाचा फॉर्म म्हणे 'मार्कशीटप्रमाणे नाव लिहा'. अर्ज तीनदा परत आला, तिन्ही वेळा शेरा एकच: 'नाव जुळत नाही'. कशाशी जुळत नाही, ते लिहायला कुणाचा काय हात दुखत होता कोण जाणे! शेवटी विवाह नोंदणी दाखला आणि राजपत्रातली नावबदलाची नोंद लावली. तोवर जुलैचं सत्र गेलं, ताई जानेवारीत बसल्या. नाव बदललं असेल तर राजपत्राचं काम अर्जाच्या दोन-तीन महिने आधी सुरू करा.

डीईबी आयडी स्वतः काढा, स्वतःच्या ईमेलवर. तो आयुष्यभराचा असतो. एजंटच्या ईमेलवर काढला तर पुढच्या प्रत्येक प्रवेशाला त्याच्या मागे फिरावं लागेल.

नोकरी करणाऱ्यांनी हजेरीचंही बघावं. कॉलेजात ७५ टक्के हजेरी लागते. ऑनलाइनमध्ये ती कटकट नाही असं समजू नका, पोर्टलवरचा सहभाग मोजतात, दर पंधरवड्याला किमान दोन तास.

दोन्हीपैकी काहीही ठरवा, आधारला जोडलेला मोबाइल नंबर मात्र आजच तपासा. फॉर्म समोर उघडा असतो, ओटीपी वडिलांच्या जुन्या नंबरवर जातो, वडील शेतात असतात आणि फोन घरी चार्जिंगला.