सिल्हूट कॅलेंडरं आणि त्यांचा संग्रह

अमेरिकेत दुकानदार गिऱ्हाइकांना फुकट वाटायचे त्या जाहिरातीच्या कॅलेंडरांपैकी ज्यांवर चित्र म्हणजे नुसती काळी बाह्याकृती असते ती सिल्हूट कॅलेंडरं. बहुतेक माल साधारण 1920 ते 1950 मधला धरतात. फुगीर काचेच्या मागून रंगवलेली काळी आकृती, तिच्यामागे रंगीत देखाव्याचा कागद, खाली दुकानाचं नाव आणि थर्मामीटर नाहीतर तारखांचा छोटा पॅड. मिशिगनच्या बेंटन हार्बरमधली बेंटन ग्लास कंपनी यात प्रसिद्ध.

त्याच काळात जाहिरातींतून काळ्या लोकांची टिंगलही सर्रास चालायची, कलिंगड खाणारी पोरं, डोक्याला रुमाल बांधलेली जाडजूड स्वयंपाकीण वगैरे (अशाच स्वयंपाकिणीचं चित्र असलेला पॅनकेकच्या पिठाचा आंट जेमायमा हा ब्रँड 1889 चा, त्याचं नाव बदललं थेट 2021 मध्ये). सिल्हूटमध्ये मात्र सगळेच काळे, गोरी बाईसुद्धा, त्यामुळे वंश दाखवायचा तर तो कडेच्या रेषेतूनच, म्हणजे ओठ मुद्दाम जाड, केस मुद्दाम विस्कटलेले. म्हणून ‘नुसती सावली आहे, त्यात कसला द्वेष’ हे म्हणणं टिकत नाही.

या रेषेवरूनच, कॅलेंडरांच्या कितीतरी आधीच्या एका सिल्हूटबद्दल, अभ्यासकांत वाद आहे. फिलाडेल्फियात चार्ल्स विल्सन पील यांच्या म्युझियममध्ये मोझेस विल्यम्स हा आधी गुलाम असलेला आणि 1802 च्या सुमारास मुक्त झालेला माणूस यंत्राच्या मदतीने प्रेक्षकांची प्रोफाइल्स (बाजूने दिसणाऱ्या चेहऱ्याच्या बाह्याकृती) कागदातून कापून द्यायचा, पहिल्याच वर्षात हजारोंनी कापली. त्याचं स्वतःचं एक सिल्हूट उरलंय, ते पूर्वीपासून चार्ल्स यांचा मुलगा राफाएल पील याच्या नावावर आहे. पण कला-इतिहासकार ग्वेंडोलिन ड्युबॉइस शॉ यांच्या मते ते विल्यम्सनेच कापलं असावं, आणि केसांची रेषा यंत्राने आखली तशी न ठेवता त्याने स्वतः बदललेली दिसते. पुरावा निर्णायक नाही, तरी रोज हेच काम करणाऱ्या माणसाने स्वतःचा चेहरा दुसऱ्याच्या हातात दिला असेल हे पटायला जड जातं, त्यामुळे शॉ यांचं मत जास्त सयुक्तिक वाटतं.

काळ्यांची टिंगल करणाऱ्या अशा वस्तूंच्या संग्राहकांत आफ्रिकन अमेरिकन लोकही बरेच आहेत. असा वर्णद्वेषी माल शिकवण्यासाठी जपणारी मोठी जागा म्हणजे फेरिस स्टेट युनिव्हर्सिटीचं जिम क्रो म्युझियम, डेव्हिड पिलग्रिम यांच्या संग्रहातून उभं राहिलेलं.

तारखांचा पॅड फाटला असेल तर काळ ठरवायला दुकानाचा पत्ता बघतात, पाच आकडी झिप कोड (अमेरिकेचा पिनकोड) असेल तर माल 1963 नंतरचा. नक्कल ओळखायला अल्ट्राव्हायोलेट दिवा वापरतात, 1950 नंतरचा कागद बऱ्याचदा त्यात निळसर चमकतो.