पुढचा मासा पुढे का?

दोन संस्कृतींत वाढलेला माणूस धड ना इकडचा, धड ना तिकडचा होतो, असं सर्रास म्हटलं जातं. अभ्यासकही एके काळी याच मताचे होते. १९२८ मध्ये अमेरिकी समाजशास्त्रज्ञ रॉबर्ट पार्क यांनी अशा माणसाला दोन समाजांच्या काठावर अडकलेला, आतून दुभंगलेला ठरवलं.

पुराव्यापुढे हे मत टिकलं नाही. २०१३ मध्ये ८३ अभ्यास आणि २३ हजारांवर व्यक्ती यांचं एकत्रित विश्लेषण प्रसिद्ध झालं. दोन्ही संस्कृतींशी नातं राखणं आणि मानसिक-सामाजिक स्वास्थ्य यांचा संबंध चांगलाच भक्कम निघाला. एकाच संस्कृतीला धरून राहण्यापेक्षाही भक्कम. तरी दोन संस्कृतींत वाढलेले काही जण थकून, गोंधळून समुपदेशकाकडे येतात. ते का, हे समजायला माझा सगळ्यात आवडता प्रयोग पाहू.

यिंग-यी हाँग आणि सहकाऱ्यांनी तो २००० मध्ये मांडला. हाँगकाँगच्या विद्यार्थ्यांवर चिनी आणि पाश्चात्त्य असे दोन्ही संस्कार असतात. काहींना आधी चिनी प्रतीकं दाखवली, काहींना अमेरिकी. मग सर्वांना एकच चित्र: माशांचा घोळका आणि त्याच्या पुढे एकटा पोहणारा मासा. हा पुढे का? तो स्वतःच्या मनाने निघालाय, की मागचे त्याला पुढे ढकलताहेत? चिनी प्रतीकं पाहिलेल्यांनी कारण घोळक्यात जास्त शोधलं, अमेरिकी प्रतीकं पाहिलेल्यांनी त्या एका माशात. म्हणजे अर्थ लावण्याच्या दोन्ही चौकटी एकाच डोक्यात नांदत होत्या आणि समोरच्या खुणेनुसार एक पुढे येत होती.

खरी गंमत पुढे आहे. २००२ मध्ये व्हेरोनिका बेनेट-मार्टिनेझ आणि सहकाऱ्यांनी चिनी-अमेरिकी लोकांवर याच धर्तीचा प्रयोग केला. आपल्या दोन ओळखी एकमेकींना पूरक वाटणारे खुणेबरोबर वळले. ज्यांना त्या परस्परविरोधी वाटत होत्या, ते मात्र उलटे गेले: चिनी खूण दिसली की उत्तर अमेरिकी वळणाचं, आणि अमेरिकी खूण दिसली की चिनी वळणाचं! ज्ञान तेच, खूण तीच. दोन ओळखींमधलं नातं बदललं आणि प्रतिसादाची दिशाच फिरली. पुढच्या संशोधनात या नात्याचे दोन पदर वेगळे झाले. एक अंतर, म्हणजे ओळखी वेगवेगळ्या ठेवणं; दुसरा संघर्ष, म्हणजे त्यांची ओढाताण. संघर्षाचा संबंध भेदभावाच्या अनुभवाशी आढळतो, अंतराचा तितका नाही.

समुपदेशनात हे थेट उपयोगी पडतं. समजा, पगारातला मोठा वाटा आईवडिलांना देणाऱ्या माणसाची झोप उडाली आहे. 'मर्यादा आखा, नाही म्हणायला शिका' हा सल्ला एकाच चौकटीतून येतो. दुसऱ्या चौकटीत तोच कृतघ्नपणा ठरतो. त्याऐवजी विचारावं: ही अडचण तुम्ही घरच्यांना कशी सांगाल? आणि मित्रांना? अमेरिकी मनोविकार संघटनेच्या २०१३ च्या निदान-पुस्तिकेत सांस्कृतिक मुलाखतीचे १६ प्रश्न दिले आहेत, त्यात हाही आहे. घरच्यांसाठीचं उत्तर आणि मित्रांसाठीचं उत्तर यांत जिथे फट पडते, तिथे काम सुरू होतं.

यासाठी समुपदेशक आपल्याच समाजाचा हवा का? तसा तो मिळावा असं अनेकांना वाटतं, आणि ते स्वाभाविक आहे. पण २०११ च्या एका मोठ्या विश्लेषणात अशा जुळणीने उपचाराच्या परिणामात जवळजवळ फरक पडलेला नाही. त्याच वर्षीच्या दुसऱ्या विश्लेषणात संस्कृतीनुसार बदललेली थेरपी न बदललेल्या थेरपीपेक्षा सरस ठरली, आणि आपल्या त्रासाविषयीचं त्या व्यक्तीचं स्वतःचं स्पष्टीकरण उपचारात सामावून घेणं विशेष परिणामकारक दिसलं. याचा अर्थ कुणी आपल्या त्रासाचं कारण बाहेरची बाधा सांगितलं, तर ती खरी मानायची असा अजिबात नाही. ते स्पष्टीकरण ऐकायचं, त्यामागची भीती समजून घ्यायची आणि तिथून पुढे जायचं. एका बैठकीत 'खरा तुम्ही' शोधून देण्याच्या जाहिरातींपासूनही दूर राहावं. दोन ओळखींतली एक खोटी असते, या चुकीच्या गृहीतकावरच त्या उभ्या असतात.

दोन्ही ओळखी एकजीव व्हायलाच हव्यात, असंही नाही. कुणी घरी एक आणि कामावर दुसरी ओळख वर्षानुवर्षं सुखाने वागवतो. अशा माणसाचं अंतर मिटवायला जाऊ नये. जिथे ओढाताण आहे तिथे लक्ष द्यावं, आणि ती रोजच्या अपमानातून आली असेल तर त्या अपमानाचं काय करायचं, हेही त्याच खोलीत बोललं जावं.