तीनशेची अंगठी आणि लेनवरचं तेल

लोअर परळच्या फिनिक्स मिलच्या आवारात बोलिंग, म्हणजे लेन नावाच्या लांब पट्टीवरून चेंडू घरंगळवत टोकाच्या दहा पिना पाडायचा खेळ, आलं, तरी मुंबईत हा खेळ वाढदिवस आणि ऑफिसच्या पार्टीपलीकडे फारसा गेला नाही. इथे शंभरी गाठली तरी टाळ्या पडतात. पहिल्याच चेंडूत दहाही पिना पाडल्या की स्ट्राइक; सलग १२ स्ट्राइक म्हणजे एका गेममधले सर्वाधिक ३०० गुण. अमेरिकेत एके काळी ते इतके दुर्मीळ होते की १८९५ साली स्थापन झालेली अमेरिकन बोलिंग काँग्रेस ही खेळाचे नियम ठरवणारी संघटना त्यासाठी मानाची अंगठी द्यायची. मात्र लेन नियमात बसली पाहिजे.

खरी गोम तेलात. लाकूड झिजू नये म्हणून लेनवर तेल मारायचे. ते मधे दाट आणि कडेच्या खाचेकडे, म्हणजे गटरकडे, विरळ ठेवलं, की खेळाडूची चूक लेनच सावरून घेते. बाहेर गेलेला चेंडू कोरड्या भागावर पकड घेऊन आत वळतो, आत पडलेला तेलावरून घसरत सरळ जातो; उजव्या हाताने टाकणाऱ्याचे दोन्ही चेंडू पहिल्या आणि तिसऱ्या पिनमधल्या फटीत पोचतात. गुण वाढले की गिऱ्हाईक खूश, आणि लेनमालकाला दुसरं काय हवं?

१ जुलै १९८२ रोजी कॅलिफोर्नियातल्या ला हाब्रा इथे ग्लेन ॲलिसनने सलग तीन गेममध्ये ९०० गुण केले. ३६ चेंडू, ३६ स्ट्राइक. तपासणीत तेल नियमाबाहेर निघालं आणि काँग्रेसने विक्रम नाकारला. तेल काही त्याने मारलं नव्हतं, त्यामुळे मला हा न्याय जरा कडकच वाटतो. आपल्याकडे जानेवारी २०१६ मध्ये कल्याणच्या शालेय क्रिकेट सामन्यात एकाच मुलाने डावात १००९ धावा केल्या, तेव्हाही सीमारेषा जवळ होती, समोरचे गोलंदाज लहान होते, अशी कुजबुज झालीच. पण विक्रम कोणी पुसला नाही.

पुढे रेझिनचे जास्त वळणारे चेंडू आले. १९६८-६९ च्या हंगामात काँग्रेसच्या दप्तरी ९०५ तीनशे होते. १९९८-९९ मध्ये ३४,४७०. दरम्यान १९९७ साली नेब्रास्कात जेरेमी सॉनेनफेल्डचे ९०० मात्र मान्य झाले. एवढ्या अंगठ्या वाटल्यावर अंगठीकडे वळून कोण बघणार? २००० च्या सुमारास काँग्रेसने ‘स्पोर्ट बोलिंग’ ही वेगळी वर्गवारी काढली. तिथे तेल जास्त समान पसरतात, चुकलेला चेंडू चुकलेलाच राहतो. बहुतेक लीग मात्र सोप्या लेनवरच राहिल्या. पदरचे पैसे भरून स्वतःची सरासरी कोण घसरवून घेणार!