चाक लटकतंय म्हणून शॉक मऊ करू नका

दगडधोंड्यांच्या वाटेवर गाडीचं एक चाक हवेत लटकलं, की सल्ला ठरलेला: 'शॉक सॉफ्ट कर.' हे वाचून वाचून आता वीट आला आहे. लटकणाऱ्या चाकाचा संबंध शॉकचा कडकपणा बदलणाऱ्या नॉबशी नाही, स्वे बारशी आहे, म्हणजे एकाच अ‍ॅक्सलच्या दोन चाकांना जोडणाऱ्या पोलादी सळईशी.

शॉकअब्सॉर्बर काय करतो ते सगळ्यांना ठाऊक आहे: स्प्रिंगची उसळी आवरतो. विसरलं जातं ते एवढंच, की त्याचा विरोध वेगावर ठरतो. शॉकचा दांडा जितक्या जोरात आतबाहेर होईल, तितका झडपांतून जाणाऱ्या तेलाचा अडसर वाढतो. लो रेंजमध्ये (फोर-व्हील ड्राइव्हच्या सावकाश पण जोरकस गिअरांत) पायी चालण्याच्या वेगाने गाडी चढवताना दांडा अगदी सावकाश सरकतो, म्हणून नॉब कुठेही असला तरी फारसा फरक पडत नाही.

स्वे बारला वेगाशी काही देणंघेणं नाही. त्याला कळतो तो फक्त एकाच अ‍ॅक्सलच्या दोन चाकांच्या उंचीतला फरक. दोन्ही चाकं एकदम वर गेली तर बार त्याच्या रबरी बुशांमध्ये नुसता फिरतो. एक वर आणि एक खाली गेलं की तो पिळला जातो आणि खालच्या चाकाला वर ओढतो, गाडी जागेवर उभी असली तरीसुद्धा. वळणावर हे हवंच असतं, त्याने गाडी कमी कलते. दगडांत मात्र त्याच ओढीने चाक जमीन सोडतं. जाड बार बसवण्याची हौस असणाऱ्यांनी हेही लक्षात घ्यावं, की भरीव बारचा व्यास 10 टक्के वाढला तर ताठरपणा साधारण 46 टक्के वाढतो.

खात्री करून बघा. पुढचं एक चाक दगडावर चढवून गाडी थांबवा आणि नॉब या टोकापासून त्या टोकापर्यंत फिरवा. लटकलेलं चाक तसूभरही खाली येणार नाही. मग सपाटीवर येऊन पुढच्या बारच्या दोन्ही लिंक (बारची टोकं चाकांकडच्या भागाला जोडणारे छोटे दुवे) सोडवा आणि त्याच दगडावर पुन्हा चढवा, तेच चाक आता खाली उतरलेलं दिसेल. पिळलेल्या बारची लिंक मात्र कधीही सोडवू नका, तो झटक्यात सुटून हाताला इजा करतो.

जीपच्या रँग्लर रुबिकॉनमध्ये पुढचा बार सोडवण्याचं हेच काम बटणावर होतं. हाताने करायचं तर सुटलेली लिंक नीट बांधा आणि स्टीअरिंग दोन्ही बाजूंना पूर्ण वळवून बघा, टायर किंवा ब्रेकच्या नळीला लागता कामा नये. मागचा बार मी जोडलेलाच ठेवतो. आडव्या उतारावर तोही सोडलेली गाडी फार कलते.



नॉबचा खरा उपयोग वेगात, ओळीने आलेल्या उंचवट्यांवर. तिथे रिबाउंड (दबलेला शॉक परत लांब होताना त्याला होणारा विरोध) फार घट्ट असेल तर पुढचा उंचवटा येईपर्यंत चाक पुरतं खाली येत नाही आणि गाडी दर धक्क्याला आणखी बसत जाते. अशा वेळी रिबाउंड नॉबच्या एक-दोन क्लिकने (टप्प्यांनी) सैल करा. आणि तेवढा वेग घेण्याआधी बार जोडलेला हवा.