यूपीएस : घरातील संगणकासाठी बसवणी व वापर (इंदूर)

यूपीएस (अखंड वीजपुरवठा संच) : मुख्य वीजपुरवठा खंडित झाल्यास किंवा त्याचा दाब ठरावीक मर्यादेबाहेर गेल्यास संगणकाला काही मिलिसेकंदांत बॅटरीवर घेणारे उपकरण. नावात ‘अखंड’ हा शब्द असला, तरी घरगुती संचाकडून तासन्‌तास वीज मिळण्याची अपेक्षा ठेवता येत नाही. हातातले काम जतन करून संगणक रीतसर बंद करता यावा, एवढा अवधी मिळवून देणे हे त्याचे खरे प्रयोजन होय. संचाची क्षमता, जागा, जोडणी आणि देखभाल यांविषयीचे निर्णय या प्रयोजनावरूनच घ्यावे लागतात. प्रस्तुत नोंदीत इंदूर शहरातील मराठी घरांत व लहान कार्यालयांत सर्रास आढळणाऱ्या ६०० ते १,००० व्हीए (व्होल्ट-ॲम्पिअर, म्हणजे दाब व धारा यांचा गुणाकार) क्षमतेच्या संचांचा विचार केला आहे.

इंदुरातील वीजपुरवठा देशात इतरत्र असतो तसाच २३० व्होल्ट, ५० हर्ट्‌झ या प्रमाण मूल्यांचा असून वितरणाचे काम मध्य प्रदेश पश्चिम क्षेत्र विद्युत वितरण कंपनीकडे आहे. शहर माळव्याच्या पठारावर सुमारे ५५० मीटर उंचीवर वसलेले आहे. मेच्या अखेरीस आणि जूनमध्ये, पावसाळा नीट लागण्यापूर्वी, संध्याकाळी वावटळ सुटते, विजा कडाडतात, झाडांच्या फांद्या तारांवर येतात आणि लाइन ट्रिप होते. पुष्कळदा लाइट दोन-चार सेकंदच जाते. रामबाग, लोकमान्य नगर किंवा राजेंद्र नगर अशा वस्त्यांत घरी बसून हिशेब, टंकलेखन, शिकवण्या अथवा सॉफ्टवेअरची नोकरी करणाऱ्यांना हा एवढासा खंडच अधिक महागात पडतो. लाइट गेली त्या क्षणी डिस्कवर काही लिहिले जात असेल, तर फाइल अर्धवट राहते, आणि वीज परत येताना दाब वर-खाली होतो त्याचा ताण संगणकाच्या पॉवर सप्लायवर पडतो.

घरगुती वापरात संचाचे तीन प्रकार आढळतात. ऑफलाइन संच एरवी मुख्य वीजच पुढे पाठवतो आणि ती जाताच रिलेच्या (विजेवर चालणाऱ्या स्वयंचलित स्विचच्या) साहाय्याने बॅटरीवर येतो. त्या वेळी होणारा ‘टक्’ असा आवाज ओळखीचा असतो. लाइन-इंटरॅक्टिव्ह संचात याच्या जोडीला दाब कमी-जास्त करून देणारा ट्रान्सफॉर्मर असतो, त्यामुळे दाब थोडा घसरला तरी बॅटरी खर्ची पडत नाही. ऑनलाइन संचात वीज सतत आधी एकदिश (डीसी) व मग पुन्हा प्रत्यावर्ती (एसी) केली जाते, त्यामुळे बदलाचा क्षणच येत नाही. मात्र तो महाग असतो, गरम होतो आणि त्याच्या पंख्याचा आवाज खोलीत जाणवतो. पहिल्या दोन प्रकारांत बदलाला साधारण ४ ते १० मिलिसेकंद लागतात. संगणकाचा चांगला पॉवर सप्लाय पूर्ण भारावर सुमारे १६ मिलिसेकंद विजेविना तग धरू शकतो, म्हणून घरच्या एका संगणकासाठी लाइन-इंटरॅक्टिव्ह संच पुरेसा ठरतो. स्वस्त संच बॅटरीवर असताना साइन तरंगाऐवजी (मुख्य विजेसारख्या गुळगुळीत चढउताराऐवजी) पायऱ्यांसारखा तरंग देतात. पॉवर फॅक्टर (व्हीएपैकी प्रत्यक्ष वॉटचे प्रमाण) सुधारणारे मंडल असलेल्या काही नव्या पॉवर सप्लायना तो मानवत नाही आणि संगणक नेमका बदलाच्या वेळी बंद पडतो. अशा संगणकाला शुद्ध साइन तरंगाचाच संच घ्यावा. विकत घेताना लेबलवर आयएस १६२४२ हा मानक क्रमांक आणि भारतीय मानक ब्यूरोचा ‘आर’ अक्षराने सुरू होणारा नोंदणी क्रमांक आहे ना, हे पाहून घ्यावे.

क्षमतेच्या बाबतीत सर्वाधिक गैरसमज व्हीए आणि वॉट यांच्या घोटाळ्यातून होतात. ६०० व्हीए असे ठळक छापलेल्या संचाची खरी शक्ती बहुधा ३६० वॉटच असते. संगणक १२० वॉट, मॉनिटर २० वॉट आणि राउटर १० वॉट असा १५० वॉटचा भार धरला, तर तो आरामात पेलला जातो. प्रश्न उरतो किती वेळ पेलला जाईल याचा. आतील १२ व्होल्ट, ७ ॲम्पिअर-तासांच्या बॅटरीत कागदोपत्री ८४ वॉट-तास असतात. परंतु लेड-ॲसिड बॅटरी जितक्या घाईने रिकामी करावी, तितकी ती कमी देते (हा संबंध शास्त्रज्ञ पॉइकर्ट यांनी १८९७ मध्ये मांडला), त्यामुळे पंधरा-वीस मिनिटांत उपसताना त्यांतले निम्मेच हाती लागतात. त्यांतही रूपांतरात सुमारे पाचवा हिस्सा खर्ची पडतो. शेवटी बारा-तेरा मिनिटे उरतात, तीही नव्या बॅटरीची. दुकानात सांगितला जाणारा अर्धा तास हा जवळजवळ रिकाम्या भारावरचा असतो.

अर्थिंग (उपकरणाचा धातूचा भाग तारेने जमिनीत पुरलेल्या पाइपाशी जोडणे) : बसवणीत सर्वांत महत्त्वाचा आणि सर्वाधिक दुर्लक्षिला जाणारा भाग हा आहे. संगणकाच्या पॉवर सप्लायमध्ये फेज व न्यूट्रल या दोन्ही तारांपासून अर्थकडे जाणारी लहान कपॅसिटरे असतात. अर्थची तार तुटलेली असेल, तर धातूच्या कॅबिनेटवर सुमारे ११५ व्होल्टांचा, म्हणजे मुख्य दाबाच्या निम्मा दाब येऊन राहतो. त्यातून वाहणारी धारा अगदी थोडी असते, पण अनवाणी पायांनी उभे राहून कॅबिनेटला हात लावला की मुंग्या येतात. अनेक घरांत ‘आमचा संगणक जरा झिणझिण्या देतो’ असे सहज सांगितले जाते. ही तक्रार हसण्यावारी नेण्यासारखी नाही, कारण याच अवस्थेत आत फेजची तार कॅबिनेटला टेकली, तर संपूर्ण २३० व्होल्ट अंगावर येतात. विजा कडाडताना तारेतून येणाऱ्या दाबाच्या उसळीपासून संगणकाला वाचवणारी संचातील संरक्षक व्यवस्थादेखील बऱ्याच अंशी अर्थवरच विसंबून असते.

माळव्याच्या काळ्या मातीमुळे येथे हा प्रश्न अधिक तीव्र होतो. पावसाळ्यात ही माती फुगते व पाणी धरून ठेवते, तेव्हा अर्थिंग उत्तम असते. उन्हाळ्यात तीच आक्रसते, तिला हाताचा पंजा जाईल एवढ्या भेगा पडतात आणि जमिनीत पुरलेल्या पाइपभोवतीची माती पाइपापासून सुटते. कोळसा आणि मीठ घालून केलेल्या जुन्या पद्धतीच्या खड्ड्यात मीठ वर्षानुवर्षे लोखंड खात राहते. प्रस्तुत लेखकाने एका जुन्या घराच्या मागील अंगणात खड्ड्यावरचे सिमेंटचे झाकण उचलून पाहिले होते. आत ओलाव्याचा मागमूस नव्हता, कडेला मिठाचा पांढरा थर चढला होता, आणि पाइपाच्या तोंडाशी आवळलेली तार हात लावताच नटासकट निघून आली, इतका तो नट गंजून पोकळ झाला होता. वर खोलीत तीन पिनांचा बोर्ड होता, तिसऱ्या भोकापर्यंत हिरवी तारही व्यवस्थित आली होती, पण ती जमिनीला कोठेच पोहोचत नव्हती. म्हणून बोर्डाकडे पाहून अर्थिंग आहे असे समजू नये. मार्च ते जून या काळात खड्ड्यात आठवड्यातून एकदा बादलीभर पाणी ओतावे, आणि वर्षातून एकदा, शक्यतो मे महिन्यात, वायरमनकडून जोड उघडून पाहून घ्यावा व रोध मोजून घ्यावा. तो ५ ओहमच्या आत असणे चांगले.

संच जोडण्यापूर्वी बोर्डावर मल्टिमीटरने तीन मापे घ्यावीत. बोर्डाकडे तोंड करून पाहिले असता अर्थचे मोठे भोक वर, फेज उजवीकडे व न्यूट्रल डावीकडे असावे. फेज व न्यूट्रल यांच्यात २३० व्होल्टच्या आसपास, फेज व अर्थ यांच्यात जवळजवळ तेवढाच आणि न्यूट्रल व अर्थ यांच्यात दोन-तीन व्होल्टांहून कमी दाब मिळाला, तर जोडणी साधारणपणे ठीक आहे असे धरता येते. ज्याला मल्टिमीटर हाताळण्याची सवय नाही, त्याने हे काम परवानाधारक वायरमनवर सोपवावे. राजवाड्याच्या परिसरातील जुन्या लाकडी घरांत बऱ्याच ठिकाणी दोनच तारांची वायरिंग असते आणि तेथे बोर्डाच्या आतच न्यूट्रलची एक तार अर्थच्या पिनेला जोडून काम भागवले जाते. मापे त्याने बरोबर येतात, पण बाहेर न्यूट्रल तुटला की संगणकाच्या कॅबिनेटवर फेज येतो. ही युक्ती प्राणघातक आहे आणि ती आढळल्यास संच जोडण्याआधी काढून टाकलीच पाहिजे.

जागा व जोडणी : सीलबंद, देखभाल न लागणाऱ्या (एसएमएफ) बॅटरीला उष्णता सोसत नाही. २५ अंश सेल्सिअसच्या वर दर १० अंशांमागे तिचे आयुष्य जवळजवळ निम्मे होते. इंदुरात मे महिन्यात पारा ४० अंशांवर जातो आणि संच स्वतःही उष्णता बाहेर टाकतो. त्यामुळे पश्चिमेच्या तापणाऱ्या भिंतीला लावून, बंद कपाटात किंवा पडद्याआड ठेवलेल्या संचाची बॅटरी तीन-चार वर्षांऐवजी दीड-दोन वर्षांत संपते. चारही बाजूंना वीतभर मोकळी जागा सोडावी, वर कागद किंवा कापड ठेवू नये, आणि तळमजल्यावर पाणी शिरण्याची शक्यता असल्यास संच लाकडी पाटाऐवजी फरशीच्या किंवा लोखंडी स्टँडवर उंच ठेवावा. नवा संच प्रथम रिकाम्या भारावर आठ तास चार्ज करावा.

संचावर संगणक, मॉनिटर आणि राउटर एवढेच असावे. लेझर प्रिंटर कदापि जोडू नये. त्यातील शाई वितळवणारा तप्त रूळ क्षणभरात कित्येक शे वॉट ओढतो आणि संच अतिभाराने बंद पडतो. कूलर किंवा टेबलफॅन ‘तेवढाच वेळ’ म्हणून जोडण्याचा मोह उन्हाळ्यात होतो, तोही टाळावा. एका एक्स्टेन्शन बोर्डात दुसरा अडकवून वाढवलेली जोडणी सैल होते, तापते व वितळते. संच भिंतीवरच्या बोर्डात थेट लावावा आणि प्लगची अर्थची पिन कापू नये.

इनव्हर्टर असलेल्या घरांत आणखी एक अडचण येते. चौकोनी तरंग देणाऱ्या जुन्या इनव्हर्टरवर लाइट गेल्यावर यूपीएस जोडलेला राहिला, तर त्याला ती वीज ग्राह्य वाटत नाही. तो बॅटरीवरच राहतो, सतत बीप देतो आणि इनव्हर्टर चालू असतानाही काही मिनिटांत मान टाकतो. साइन तरंगाच्या इनव्हर्टरवर ही अडचण सहसा येत नाही. वेळ वाढवण्यासाठी लहान यूपीएसला बाहेरून मोटारीची मोठी बॅटरी जोडून देणारेही भेटतात. तो प्रकार धोक्याचा आहे. अशा संचाचा ट्रान्सफॉर्मर काही मिनिटांच्या कामासाठीच बनवलेला असतो, तासभर चालल्यावर तो जळू शकतो. शिवाय मोटारीची बॅटरी चार्ज होताना हायड्रोजन सोडते आणि हवेत त्याचे प्रमाण ४ टक्क्यांवर गेले की एक ठिणगी स्फोटाला पुरते.

वापर व देखभाल : बीप सुरू होताच काम जतन करून संगणक बंद करणे ही सवय घरातील सर्वांना, मुलांनाही, लावावी. संचाला यूएसबी तार असेल, तर ती जोडून ठरावीक मिनिटांनी संगणक आपोआप बंद होईल अशी व्यवस्था करता येते. घरी कोणी नसताना तीच कामी येते. तीन महिन्यांतून एकदा चाचणी घ्यावी. त्यासाठी प्लग न उपसता भिंतीवरचे बटण बंद करावे, कारण प्लग काढला की अर्थही सुटतो आणि संच मात्र बॅटरीवर २३० व्होल्ट देतच राहतो. विजांचे वादळ येताना दिसले, तर क्रम वेगळा: आधी संगणक, मग संच बंद करावा आणि त्यानंतरच प्लग काढावा. इंटरनेट तांब्याच्या तारेने येत असेल, तर तीही राउटरपासून सोडवावी. दाबाची उसळी त्या वाटेनेही आत येते.

बॅटरी बदलताना भिंतीवरचे बटण बंद करून काम सुरू करणे पुरेसे नसते. संच स्वतःच्या बटणाने बंद करावा, प्लग काढावा आणि हातातली अंगठी, कडे, घड्याळ उतरवून ठेवावे. बॅटरी १२ व्होल्टांचीच असली, तरी तिची दोन टोके धातूने जुळल्यास शेकडो ॲम्पिअर धारा वाहते आणि अंगठी बोटावरच तापून लाल होऊ शकते. आधी काळी, मग लाल तार सोडवावी, तार न ओढता तिच्या टोकाची पट्टी धरून. बसवताना उलट क्रम ठेवावा. फुगलेली बॅटरी खोबणीत इतकी घट्ट बसलेली असते की ती स्क्रूड्रायव्हरने उचकटण्याची इच्छा होते. तसे केल्यास कवच फाटून आम्ल बाहेर येते. अशा वेळी खोबणीचे स्क्रू सोडवून पत्राच मोकळा करावा. आम्ल अंगावर किंवा डोळ्यांत गेल्यास वाहत्या पाण्याने निदान पंधरा मिनिटे धुऊन डॉक्टरांकडे जावे. संचातून धूर आल्यास मुख्य पुरवठा बंद करावा आणि पाणी न मारता कार्बन डायऑक्साइडचे किंवा कोरड्या पावडरीचे अग्निशामक वापरावे. नव्या बॅटरीवर बसवल्याचा महिना व वर्ष मार्करने लिहून ठेवल्यास पुढचा अंदाज चुकत नाही. संच महिनोन्‌महिने बंद राहणार असेल, तर दर तीन महिन्यांनी त्याला एक दिवस चार्जिंगला लावावे.

काढलेल्या बॅटरीत शिसे आणि गंधकाम्ल असते. बॅटरी कचरा व्यवस्थापन नियम, २०२२ नुसार ती घरच्या कचऱ्यात टाकता येत नाही. जेल रोडच्या बाजारात किंवा जेथून नवी घेतली तेथे जुनी परत देऊन किमतीत सूट घ्यावी. फेरीवाल्या भंगारवाल्याला ती देऊ नये, कारण उघड्यावर फोडून शिसे काढताना आम्ल नालीत जाते आणि शिशाचा धूर ते काम करणाऱ्याच्याच फुप्फुसांत जातो.